मुलांची चिडचिड, छोटी बक्षिसं आणि चिंचोक्यांची बरणी

चार ते नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी हे लिहितेय. केस कापायला बसवलं की भोकाड, सापशिडीत हरलं की पट उधळलेला, गृहपाठात एक आकडा चुकला की अख्खं पान टराटरा फाडलेलं, मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून शाळेची बस निघून गेलेली. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय. मुलगा आता दुसरीत आहे, मुलगी मोठ्या शिशुत. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे, पण एकच पद्धत दोघांना लागू पडली: ठरलेलं काही जमलं की बरणीत एक चिंचोका, आणि ठरलेले चिंचोके जमले की एक छोटं बक्षीस.

छोट्या बक्षिसांनी यातलं बरंच सोपं होतं. मात्र ते नेमकं कशाला द्यायचं, इथेच बहुतेक घरांची गाडी चुकते. बक्षीस गप्प बसण्याला द्यायचं नाही. अस्वस्थ वाटत असताना मुलाने जे काही निभावलं, त्याला द्यायचं. रडत रडत का होईना, खुर्चीवर बसून राहिला तर बक्षीस. रडला नाही, पण खुर्चीजवळ फिरकलाच नाही, तर नाही. रडण्यावर बंदी घातली की मूल वाईट वाटणं लपवायला शिकतं, आणि लपवलेलं संध्याकाळी भलत्याच कारणावरून बाहेर येतं.

आणखी एक फरक आधीच सांगते, कारण सासरी-माहेरी दोन्हीकडून ‘ही तर लाच झाली’ असं ऐकून घ्यावं लागेल. दुकानात मूल जमिनीवर आडवं पडल्यावर ‘ऊठ, चॉकलेट देते’ म्हणणं ही लाचच. त्यातून ते आडवं पडायला शिकतं. घरून निघण्याआधी, सगळे शांत असताना, ‘दुकानात काही मागायचंय असं वाटलं की माझा हात दाब, मग लगेच एक चिंचोका’ असं ठरवणं म्हणजे बक्षीस. वस्तू एकच, फरक वेळेचा.

लागणारं सामान

- काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची छोटी बरणी. आत किती जमलंय ते मुलाला दिसलं पाहिजे. स्टीलचा डबा कामाचा नाही.
- मूठभर चिंचोके. घरात चिंच येत असेल तर फुकटच. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके, मणी, बटणं अजिबात नकोत, घशात अडकतात. तिथे पाण्याच्या मोठ्या जारची झाकणं वापरा, नाहीतर स्टिकर. पुण्यात अप्पा बळवंत चौकात स्टिकरची पानं ढिगाने मिळतात.
- एक जाड कागद आणि स्केचपेन.
- बक्षिसांची यादी. ती कशी करायची ते चौथ्या पायरीत.
- घरातल्या सगळ्या मोठ्यांची संमती. सामानातली सगळ्यात महाग वस्तू हीच.

तयार रिवॉर्ड चार्ट, मोबाईलवरची अ‍ॅप यांची गरज नाही. चिंचोका बरणीत पडल्यावर जो ‘टक’ आवाज येतो, त्याचंही मुलांना अप्रूप असतं.

1. एकच प्रसंग निवडा

‘चिडायचं नाही’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. ‘खेळात हरल्यावर काय करायचं’ हे होऊ शकतं. रोज किंवा आठवड्यातून तीन-चारदा येणारा प्रसंग घ्या, म्हणजे सराव होईल. केस कापणं दीड-दोन महिन्यांतून एकदा येतं, सुरुवातीला ते नको. खेळात हरणं, बागेतून निघणं, केसांचा गुंता सोडवणं, बसची वाट पाहणं, हे चांगले.

आठवडाभर फक्त बघा. केव्हा बिनसतं? आमच्याकडे दर वेळी संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, म्हणजे खेळून आल्यावर आणि जेवणाआधी. त्यातली निम्मी चिडचिड भुकेची होती. खेळून आल्या आल्या हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवल्यावर ती गेली, तिला चिंचोका लागला नाही. भूक, झोप, ताप, दुखणारा दात यांवर बक्षिसाचा उपाय करू नका. आधी तो हिशेब मिटवा, मग उरेल ती चिडचिड या कामाची.

2. त्याचे तुकडे पाडा

ज्याची भीती किंवा किळस आहे, ते एकदम समोर आणायचं नाही. सोप्यापासून अवघडाकडे पायऱ्या करायच्या. पुण्यातलंच उदाहरण घेते: ढोल-ताशा. गणपतीत पथक गल्लीत शिरलं की माझी मुलगी कान दाबून पलंगाखाली जायची, आणि आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर.

इथे आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. मुलाचं म्हणणं बरोबर आहे. तो आवाज खरोखरच कानांना त्रास देणारा असतो. म्हणून स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहणं हे ध्येय ठेवायचं नाही. लांबून ऐकता यावं, नको झालं तर सांगता यावं आणि पलंगाखाली न जाता दुसऱ्या खोलीत जाता यावं, इतकंच ठेवायचं. आमच्या पायऱ्या अशा होत्या:

- मोबाईलवर ढोलाचा व्हिडिओ, आवाज अगदी बारीक. आवाजाचं बटण तिच्याच हातात.
- तोच व्हिडिओ, आवाज थोडा मोठा, एक गाणं संपेपर्यंत.
- पथकांचे सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतात. म्हात्रे पुलाच्या आसपास नदीकाठी संध्याकाळी गेलात की आवाज येतो. आधी बंद गाडीतून ऐकायचं.
- मग खाली उतरून, पण लांबून. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन.
- थोडं जवळ. एखादा ढोल वाजत नसताना त्याला हात लावून बघायचा.
- गणपतीत गच्चीवरून मिरवणूक.

प्रत्येक पायरीला एक चिंचोका. एक पायरी दोन-तीनदा सहज जमली की पुढची. नाही जमली तर दोन पायऱ्यांच्या मध्ये आणखी एक घालायची, उडी मारायची नाही. वाजत नसलेल्या ढोलाला हात लावणं ही पायरी कागदावर किरकोळ वाटते, पण तिचं सगळ्यात जास्त काम त्या पायरीने केलं. सरावाला आलेल्या एका दादाने टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातात दिलं आणि तिने स्वतः एकदा वाजवलं. आवाज आपल्या हातातून निघाला की त्याची भीती अर्धी होते.

केस कापणं, पोहण्याच्या तलावात तोंडावर पाणी येणं, दातांच्या डॉक्टरांची खुर्ची, सगळ्याला हीच रीत. सलूनमध्ये नुसतं जाऊन बाबांची दाढी बघून परत यायचं, हीसुद्धा पायरीच. त्या काकांना आधी विचारून ठेवा आणि रविवारी सकाळी जाऊ नका.

3. ‘काय करायचं’ ते ठरवा

‘रडू नको’, ‘ओरडू नको’, ‘फेकू नको’ यांतून मुलाला हातापायांचं काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी करता येईल अशी एक कृती द्या. आमच्या घरात चाललेल्या काही:

- हरल्यावर: दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं आणि ‘मला राग आलाय’ असं मोठ्याने म्हणायचं. (हात मांडीखाली असले की पट उधळता येत नाही. आयडिया मुलाचीच.)
- गृहपाठात चुकल्यावर: खोडरबर खाली ठेवायचं, चुकीवर एक बारीक रेघ मारायची, शेजारी पुन्हा लिहायचं.
- गुंता सोडवताना: ‘थांब’ म्हणायचं. ‘थांब’ म्हटलं की आईने खरंच थांबायचं, दहा मोजेपर्यंत.
- वाट बघताना: समोरून जाणाऱ्या लाल गाड्या मोजायच्या.

तिसरी कृती नीट वाचा. तिच्यात मोठ्यांवरही बंधन आहे. अस्वस्थता कधी संपणार हे आपल्या हातात आहे असं वाटलं की ती सोसता येते. ‘थांब’ म्हटल्यावर तुम्ही तसाच कंगवा ओढलात, तर दुसऱ्या दिवसापासून बरणीला किंमत उरणार नाही.

4. बक्षीस काय असावं

छोटं, लगेच देता येणारं आणि शक्यतो खाण्याचं नसलेलं. चॉकलेट दातांसाठी वाईट आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की वाईट वाटलं की गोड खायचं ही सवय लागते. मोबाईलचंही तेच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसू नये. तोच तास बक्षीस म्हणून वाटायला काढलात तर तो वाढतच जातो.

दोन थर ठेवा. चिंचोका लगेच, त्याच मिनिटाला. पाच किंवा सात चिंचोके झाले की यादीतलं एक बक्षीस. चार-पाच वर्षांच्या मुलाला तीनच पुरेत, त्याहून लांबचं त्याला दिसत नाही. यादी मुलाला शेजारी बसवून करा. आमच्या कागदावरच्या काही ओळी:

- रात्री एक गोष्ट जास्तीची
- उद्याची भाजी मी ठरवणार (पर्याय दोनच, नाहीतर महिनाभर बटाटा)
- बाबांबरोबर वनाजवरून मेट्रोने रामवाडीपर्यंत, आणि परत
- पर्वती चढायची आणि सगळ्यात आधी मी पोचणार
- तुळशीबागेत वीस रुपयांत हवं ते
- आजोबांबरोबर सारसबाग, दोघंच, दुसरं कुणी नाही

मुलांनी सगळ्यात जास्त वेळा निवडली ती शेवटची ओळ.

यादीत असंच लिहा जे तुम्ही नक्की देऊ शकता. हा सापळा फार साधा आहे. समजा यादीत कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे, मंगळवारी संध्याकाळी बरणी भरते आणि तुम्ही म्हणता, ‘उद्याच जाऊ.’ कात्रज बुधवारी बंद असतं. मूल ‘बुधवारी बंद’ हे ऐकत नाही, ते ‘आई म्हणाली आणि झालं नाही’ हे ऐकतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये नेमकं हेच तपासून दाखवलं. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि दिलं काहीच नाही. काहींना सांगितल्याप्रमाणे दिले. मग सगळ्यांपुढे एक गोड गोळी ठेवून सांगितलं, थांबलात तर दुसरी मिळेल. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीनच मिनिटं. म्हणजे मुलाला ‘धीर नाही’ असं म्हणण्याआधी आपण शब्द किती पाळतो ते मोजायला हवं.

दुसरा सापळा उलट्या बाजूचा. जे मूल आपण होऊन आनंदाने करतं त्याला बक्षीस लावू नका. 1973 मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत झालेला एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना ‘काढलंत तर प्रमाणपत्र’ असं आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळात त्या मुलांनी इतरांच्या निम्माच वेळ चित्रांना दिला. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. तेव्हा चित्रकला, गोष्टी वाचणं, आजीला फुलं वेचायला मदत करणं, हे बरणीबाहेर ठेवा. बरणी फक्त नकोशा, अवघड गोष्टींसाठी.

5. शांत वेळी तालीम करा

पाऊस लागला म्हणून कुणी छत्री उघडायला शिकत नाही. ठरवलेली कृती मूल चांगल्या मनःस्थितीत असताना करून घ्या. सापशिडीचा लुटुपुटूचा डाव मांडायचा, मुद्दाम सापाच्या तोंडी जायचं आणि हात मांडीखाली घालून ‘मला राग आलाय’ म्हणायचं. आधी बाबांनी, मग मुलाने. बाबा जितकं नाटक करतील तितकं चांगलं. तालमीलाही चिंचोका द्या, कंजुषी करू नका. पहिला आठवडा बरणी भराभर भरली पाहिजे.

खऱ्या डावात मात्र तुम्ही मुद्दाम हरू नका आणि मुद्दाम जिंकवूही नका. सापशिडी मला आवडते ती त्यासाठीच. फाशावर कुणाचीच सत्ता नाही, त्यामुळे ‘तू मुद्दाम केलंस’ हा आरोप टिकत नाही. कॅरम आणि बुद्धिबळ नंतर आणा.

6. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा

कमी बोला. मूल पेटलेलं असताना त्याच्याशी तत्त्वज्ञान बोलून उपयोग नसतो. एक वाक्य पुरेसं: ‘अवघड आहे, दिसतंय मला. हात कुठे घालायचे?’ बस. मग वाट बघा.

कृती झाली, अर्धवट झाली तरी, लगेच चिंचोका. आणि काय जमलं ते नेमकं सांगा. ‘शहाणं बाळ’ नको. ‘तुला पट उधळावासा वाटत होता, तरी हात खाली ठेवलेस’ असं.

कृती झाली नाही तर चिंचोका नाही, एवढंच. व्याख्यान नाही, ‘बघ, गेला तुझा चिंचोका’ नाही. आधी मिळवलेले कधीच काढून घ्यायचे नाहीत. हा नियम मी कागदावर लाल अक्षरांत लिहून फ्रिजला लावलाय, मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी. रागाच्या भरात ‘आण ती बरणी इकडे’ म्हणायचा मोह आपल्यालाच होतो. बरणीतून एकदा काढून घेतलं की ती शिक्षेची बरणी होते आणि मूल तिच्याकडे बघतही नाही.

आणखी एक. पूर्वी ओरडल्यावर मागेल ते मिळत असेल आणि तुम्ही आता ते बंद केलंत, तर सुरुवातीचे काही दिवस ओरडणं वाढतं. जुनं बटण बंद पडलंय का हे मूल जोरात दाबून बघत असतं. नेमक्या याच दिवसांत ‘ही पद्धत आमच्याकडे चालत नाही’ असं ठरवून लोक सोडून देतात.

7. घरातल्या इतरांना सांभाळा

आजी म्हणणार, ‘राहू दे गं, लेकरू आहे, दे त्याला.’ तिला चुकीचं ठरवू नका, काम द्या. आमच्याकडे चिंचोक्यांचा डबा आजींच्या ताब्यात आहे. द्यायचा अधिकार त्यांचा, नियम कागदावरचा. ज्या दिवशी त्यांना हे खातं मिळालं त्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या.

दोन मुलं असतील तर दोन बरण्या, दोन वेगळे प्रसंग. तुलना नाही. मोठ्याला ‘तुला हे सहज येतं, तुला कशाला?’ म्हटलं की तोही जमिनीवर आडवा पडायला लागतो. पाहुण्यांसमोर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या गेटवर बरणीची चर्चा करू नका. मूल ऐकत असतं.

8. हळूहळू चिंचोके कमी करा

कृती बहुतेक वेळा आपोआप व्हायला लागली की दर वेळी चिंचोका देणं थांबवा. आधी ‘दोनदा केलंस की एक’, मग कधीतरी, न सांगता. कौतुकाचं वाक्य मात्र चालू ठेवा. मुलं बहुतेक स्वतःच बरणी विसरतात. मागितला तर द्या, आठवण करून देऊ नका. मग हवा तर नवा प्रसंग घ्या. दोन-तीन प्रसंगांनंतर माझा मुलगा स्वतःच विचारायला लागला, ‘याच्या पायऱ्या कशा करायच्या?’

इंजेक्शनबद्दल वेगळं

पाच-सहा वर्षांचं झाल्यावर डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा) बूस्टर असतो, आणि तोवर मुलाला दवाखान्याचा वास आठवत असतो. इथे सरावाला वाव नाही, म्हणून तयारी वेगळी. ‘अजिबात दुखणार नाही’ असं कधीच सांगू नका; दुखतं, आणि मग तुमच्या पुढच्या सगळ्या शब्दांवरचा विश्वास जातो. ‘टोचेल, मी पाच मोजेपर्यंत संपेल’ असं सांगा. आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसवून जवळ धरा. लसीच्या वेळच्या वेदनेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशींतही मोठ्या माणसाने धरणं, तीन वर्षांवरील मुलाला बसवून टोचणं आणि एकाच वेळी अनेक लसी असतील तर सगळ्यात जास्त दुखणारी शेवटी देणं, हे सांगितलंय. डॉक्टरांना तसं विचारायला लाजू नका.

बक्षीस दवाखान्याच्या दारातच द्या, घरी गेल्यावर नाही. आणि ते ‘न रडल्याबद्दल’ नाही, ‘दंड हलवला नाहीस त्याबद्दल’. दंड हललाच, तर ‘आत आलास त्याबद्दल’.

हे कुठे वापरायचं नाही

एखाद्या माणसाच्या जवळ जायला, मांडीवर बसायला, पापा द्यायला मूल तयार नसेल तर बक्षीस दाखवून ते करून घ्यायचं नाही. नातेवाईक असो, शिकवणीचे सर असोत, बसमधले काका असोत. तिथली अस्वस्थता सोसायची नसते, ऐकायची असते. काही शंका आली तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

शाळेत जायचंच नाही असं मूल अचानक म्हणायला लागलं, तर आधी तिथे काय झालं ते शोधा, बरणी नंतर. कपड्यांचा स्पर्श, आवाज, जेवणाचा पोत अशा बऱ्याच गोष्टी एकदम असह्य होत असतील, बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, किंवा चिडल्यावर मूल स्वतःला इजा करत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीताईंना किंवा वर्गशिक्षकांना विचारलं की पुढचा रस्ता कळतो.

सुरुवात कधी करावी? जूनच्या मध्यात शाळा उघडतात, त्या आठवड्यात नको. मुलाला तेव्हा आधीच सगळं नवं असतं. मे महिना चांगला. दुपारी बाहेर जाता येत नाही, सापशिडीला भरपूर वेळ असतो, आणि ढोलाच्या पायऱ्या करायच्या असतील तर जुलैच्या आत व्हिडिओच्या दोन्ही पायऱ्या उरकलेल्या असतात.